बिलं जात होती, क्रेडिट नोटा अडत होत्या: एक्सएमएलमधल्या क्रमाचं एक प्रकरण

पुण्यातली आमची छोटी टीम बेल्जियममधल्या एका यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या व्यापाऱ्याचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळते. १ जानेवारी २०२६ पासून बेल्जियममध्ये व्हॅट-नोंदणी असलेल्या व्यवसायांनी एकमेकांना ई-बिलच द्यायचं असा कायदा लागू झाला. ही बिलं पेपोल नावाच्या नेटवर्कवरून जातात. आपण मेलला जोडतो ती पीडीएफ इथे बिल धरली जात नाही. बिल म्हणजे एक्सएमएल फाइल, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाची खूण (टॅग) लावून लिहिलेली फाइल, आणि ती यूबीएल २.१ या साच्यात बसलीच पाहिजे. यूबीएल हे ओएसिस या संस्थेचं मानक. त्याची २.१ आवृत्ती २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये आली आणि २०१५ मध्ये तिला आयएसओचा क्रमांकही मिळाला. म्हणजे साचा जुना आहे, चांगला मुरलेला आहे.

जानेवारी सुरळीत गेला. बिलं पटापट जात होती. फेब्रुवारीत माल परत आल्याच्या क्रेडिट नोटा सुरू झाल्या. बहुतेक गेल्या, पण तीन अडकल्या. ॲक्सेस पॉइंटने, म्हणजे नेटवर्कच्या दारावर फाइल तपासून पुढे पाठवणाऱ्या सेवेने, त्या परत केल्या. कारण म्हणून झर्सीस या जावा पार्सरचा, म्हणजे एक्सएमएल वाचून तपासणाऱ्या प्रोग्रामचा, नेहमीचा संदेश जोडला होता: ‘सीव्हीसी-कॉम्प्लेक्स-टाइप.२.४.ए’, टॅक्सपॉइंटडेट या टॅगपासून अवैध मजकूर सुरू होतो, इथे पुढीलपैकी एक अपेक्षित आहे. त्याखाली कंसात वीसेक नावं, प्रत्येकाला लांबलचक नेमस्पेस (ते नाव कोणत्या संचातलं हे सांगणारा पत्ता) चिकटलेला.

टॅक्सपॉइंटडेट म्हणजे करतारीख, व्हॅट कोणत्या तारखेला लागू झाला ती तारीख. ती ऐच्छिक आहे. बिलाच्या तारखेहून वेगळी असेल तरच ती द्यावी लागते. म्हणूनच बाकीच्या क्रेडिट नोटा सुटल्या. त्यांच्यात ही तारीख नव्हतीच. हे आज सरळ दिसतं, पण त्या सकाळी ‘कधी चालतं, कधी चालत नाही’ एवढंच आमच्या हाती होतं.

आता चूक सांगतो. घाईत मी तो संदेश असा वाचला: ‘टॅक्सपॉइंटडेट इथे चालत नाही.’ अपेक्षित नावांच्या यादीत ते नाव शोधलं, नव्हतं. क्रेडिट नोटेला ही तारीख लागत नसावी अशी समजूत करून घेतली आणि क्रेडिट नोट असेल तर तो टॅग लिहूच नये, अशी अट कोडमध्ये टाकली. दोन फाइली लगेच पास झाल्या. एक तर त्याच संध्याकाळी पुढे गेलीसुद्धा.

दोन दिवसांनी व्यापाऱ्याच्या हिशेबनीस बाईंचा फोन आला. माल परत आल्याचा व्यवहार जानेवारीचा, क्रेडिट नोट फेब्रुवारीची, आणि समोरच्या ग्राहकाच्या सॉफ्टवेअरने व्हॅटची वजावट फेब्रुवारीत धरली होती. कारण उघड होतं. करतारीख दिली नाही तर नोटेचीच तारीख धरली जाते. दोन्हीकडच्या हिशेबनिसांनी पत्रव्यवहार करून ते निस्तरलं, पण त्यांना हा त्रास माझ्या दुरुस्तीमुळे झाला होता. फाइल वैध होती, तरी तिच्यातली माहिती गळून गेली होती, आणि कुठल्याही तपासणीला ते कळलं नव्हतं. ऐच्छिक टॅग काढून टाकला की तक्रार करायला कोणी उरतच नाही.

त्या दिवशी अट काढून टाकली आणि प्रकरण पहिल्यापासून हातात घेतलं. टीममधल्या सर्वांत नव्या मुलीने तेव्हा जो प्रश्न विचारला, त्याने गाडी रुळावर आली.

‘सर, टॅक्सपॉइंटडेट क्रेडिट नोटेच्या स्कीमात आहे की. मी आत्ताच पाहिला. मग तो अपेक्षित नाही असं का म्हणतोय?’

तिने दोन्ही स्कीमा फाइली (कागदात कोणते टॅग कोणत्या क्रमाने यायचे ते सांगणाऱ्या), बिलाची आणि क्रेडिट नोटेची, शेजारी शेजारी उघडून ठेवल्या होत्या. बिलाच्या फाइलीत मथळ्याचा क्रम असा होता:

इश्यूडेट, ड्यूडेट, इनव्हॉइसटाइपकोड, नोट, टॅक्सपॉइंटडेट, डॉक्युमेंटकरन्सीकोड.

आणि क्रेडिट नोटेच्या फाइलीत असा:

इश्यूडेट, टॅक्सपॉइंटडेट, क्रेडिटनोटटाइपकोड, नोट, डॉक्युमेंटकरन्सीकोड.

(दोन्हींत मधली इश्यूटाइम वगैरे आम्ही न वापरलेली नावं गाळली आहेत.) बिलात करतारीख टिपेच्या (नोट या टॅगच्या) नंतर येते, क्रेडिट नोटेत ती प्रकार-कोडाच्याही आधी. आमच्या कोडमध्ये मथळा लिहिणारं फंक्शन मात्र दोन्हींसाठी एकच होतं. दोन्ही कागद नव्वद टक्के सारखे, म्हणून कोणीतरी पूर्वी प्रकार-कोडाचं नाव तेवढं बदलायची सोय केली होती आणि बाकी क्रम बिलाचाच ठेवला होता. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. स्कीमा ओळीने वाचल्याशिवाय हा फरक कोणालाही सुचणार नाही.

क्रम का लागतो, हे एकदा नीट समजून घेतलं की असे संदेश वाचणं फार सोपं होतं. यूबीएलच्या स्कीमात प्रत्येक टॅगच्या पोटातले टॅग ‘सीक्वेन्स’मध्ये बांधलेले आहेत. सीक्वेन्स म्हणजे दिलेल्याच क्रमाने, एकदिशेने. पंगतीतला वाढपी जसा मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर असा पानावरून पुढे सरकत जातो, तसा व्हॅलिडेटर, म्हणजे फाइल स्कीमाशी ताडणारा प्रोग्राम, त्या यादीवरून पुढे सरकतो. वाटेतलं ऐच्छिक नाव फाइलीत नसेल तर ते ओलांडतो. ओलांडलं की मागे फिरत नाही. आमच्या फाइलीत त्याने इश्यूडेट पाहिली, मग क्रेडिटनोटटाइपकोड. त्या क्षणी टॅक्सपॉइंटडेटची जागा मागे पडली. पुढे टिपेनंतर ती समोर आली, तेव्हा त्याच्या लेखी ती वेळ निघून गेली होती.

म्हणून ती अपेक्षित नावांच्या यादीत नव्हती. ही यादी म्हणजे ‘या कागदात काय काय चालतं’ याची यादी नव्हे. व्हॅलिडेटर आत्ता जिथे उभा आहे तिथून पुढे काय काय येऊ शकतं, एवढंच ती सांगते. आमच्या संदेशातल्या यादीत पहिलं नाव ‘नोट’ होतं. नुकतीच टीप येऊन गेली होती, तरी पुन्हा टीप? हो, कारण स्कीमात टीप कितीही वेळा देता येते. म्हणजे यादीचं पहिलं नाव सांगत होतं की व्हॅलिडेटर टिपेपाशी उभा आहे. आणि यादी जिथे संपली ते नाव होतं अकाउंटिंगसप्लायरपार्टी, म्हणजे विक्रेता. तो सक्तीचा आहे, त्याला ओलांडता येत नाही, म्हणून तिथे यादी थांबली. मधली सगळी नावं ऐच्छिक. त्या वीस नावांचा ढीग पाहून पूर्वी माझे डोळे फिरायचे. आता मी पहिलं आणि शेवटचं नाव आधी वाचतो आणि मग स्कीमात त्या जागेवर बोट ठेवून वर सरकतो.

संदेशात नाव आलेला टॅग अपेक्षित यादीतही दिसत असेल तर मात्र गोष्ट क्रमाची नसते. नाव तेच, पण नेमस्पेस वेगळा असतो. यूबीएलमध्ये साधी मूल्यं एका नेमस्पेसमध्ये आणि पोटात इतर टॅग असणारे टॅग दुसऱ्यात असतात, तिथे हा घोटाळा नेहमी होतो. नाव यादीत नसेल तर तीन शक्यता उरतात: त्याची जागा मागे राहून गेली, तो परवानगीपेक्षा जास्त वेळा आला, किंवा तो या प्रकारात मुळातच नाही. तिसरीचं उदाहरण आमच्याच कोडमध्ये होतं. यूबीएल २.१ च्या क्रेडिट नोटेत ड्यूडेट हा टॅगच नाही, देय तारीख पेमेंटमीन्सच्या पोटात पेमेंटड्यूडेट म्हणून द्यावी लागते. तेवढं मात्र आधीच्या माणसाने अचूक केलं होतं. तीनपैकी नेमकी कोणती शक्यता, हे स्कीमा उघडूनच कळतं. मी ती उघडली नव्हती.

फंक्शनमधला क्रम दुरुस्त केला. दोन नोटा करतारखेसकट पास झाल्या. तिसरी पुन्हा अडली, आणि आता वेगळ्याच ठिकाणी.

असं होतं याचं कारण झर्सीसच्या पद्धतीत आहे. एखाद्या टॅगच्या पोटात क्रम चुकला की तो पहिली चूक सांगतो आणि त्याच पोटातल्या पुढच्या क्रमाबद्दल गप्प राहतो. वाट हरवल्यावर पुढचं काय बरोबर, काय चूक, हे त्याला ठरवता येत नाही. पहिली चूक निघाल्यावर दुसरी वर येते. आपण काही नवीन बिघडवलं असं वाटून लोक अशा वेळी आधीची दुरुस्ती मागे घेतात. तसं करू नये. संदेश फाइलीत आणखी खालच्या टॅगवर गेला असेल तर आपण पुढे सरकलो आहोत.

तिसरी नोट एका नगरपालिकेची होती. सरकारी खरेदी, म्हणून तीत निविदेचा संदर्भ आणि कराराचा संदर्भ असे दोन जादा टॅग होते. संदेश म्हणत होता: काँट्रॅक्टडॉक्युमेंटरेफरन्स इथे अपेक्षित नाही, ओरिजिनेटरडॉक्युमेंटरेफरन्स, सिग्नेचर किंवा अकाउंटिंगसप्लायरपार्टी यांपैकी एक हवं. पहिल्या वेळच्या घाईने वाचलं असतं तर मी कराराचा टॅग हलवायला गेलो असतो. पण यादीचं पहिलं नाव पाहा: ओरिजिनेटर, म्हणजे निविदेचा संदर्भ. व्हॅलिडेटर निविदेपाशी उभा होता. तो इतक्या लवकर तिथे पोचलाच कसा? आमच्या फाइलीत निविदा आधी आणि करार नंतर होता, बिलाच्या स्कीमात असतो तसा. क्रेडिट नोटेच्या स्कीमात करार आधी येतो, मग जोडपत्रं, मग विवरणपत्राचा संदर्भ, आणि सर्वांत शेवटी निविदा. निविदेचा टॅग आधी घुसला होता, त्यावर व्हॅलिडेटर काही बोलला नाही, कारण ऐच्छिक टॅग ओलांडून पुढे जाणं वैध आहे. तक्रार झाली ती बिचाऱ्या कराराची, जो स्वतःच्या ठरलेल्या जागी होता.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. पहिल्या संदेशात दाखवलेला टॅगच चुकीच्या जागी होता. दुसऱ्यात दाखवलेला टॅग निर्दोष होता आणि त्याच्या आधी निमूट पास झालेला टॅग चुकला होता. दोन्ही वेळी संदेशाचे शब्द तेच. उशिरा आलेला आणि लवकर आलेला, यांत व्हॅलिडेटर भेद करत नाही, तो आपल्यालाच करावा लागतो. त्यासाठी मी आता दाखवलेला टॅग आणि त्याच्या आधीचा टॅग, दोघांच्याही जागा स्कीमात शोधतो. दाखवलेल्याची जागा आधीच्याच्या वर असेल तर या दोघांपैकी कोणीतरी हलायला हवा. कोण, हे शेजारचे बाकीचे टॅग पाहून दोन मिनिटांत ठरतं.

एक किरकोळ पण कामाची सूचना. आमची फाइल कोडमधून एकाच लांब ओळीत लिहिली जाते. त्यामुळे प्रत्येक चूक ‘ओळ १’ वरच दाखवली जायची. फाइलीची एक प्रत एक्सएमएललिंट या साधनाने ओळी पाडून घेतली आणि तपासणी त्या प्रतीवर चालवली, तेव्हा ओळीचा आकडा उपयोगाचा झाला. मूळ फाइलीला हात लावला नाही. सही केलेली फाइल असेल तर नुसत्या मोकळ्या जागांनीही सही मोडते.

हे सगळं आमच्याकडेच का पकडलं गेलं नाही? आम्ही तपासणी करत होतो, पण अर्धी. युरोपच्या ई-बिल मानकाचे नियम, ईएन १६९३१ चे, स्कीमाट्रॉन या नियम लिहायच्या भाषेत लिहिलेले आहेत आणि पेपोलचे जादा नियम त्यावर. रोजच्या चाचणीत आम्ही तेवढेच चालवत होतो. बेरजा जुळतात का, व्हॅटचा प्रकार आणि दर सुसंगत आहेत का, हे सगळं त्यात येतं, म्हणून ते पुरेसं वाटत होतं. स्कीमाट्रॉन मात्र एक्सपाथने, म्हणजे टॅगच्या पत्त्याने, टॅग शोधतो. एका पालकाच्या पोटात टॅग कुठेही असला तरी एक्सपाथला तो सापडतो. त्यामुळे क्रम चुकलेली फाइल स्कीमाट्रॉनमधून बिनतक्रार बाहेर पडते. क्रम पाहणारी तपासणी एक्सएसडीची, म्हणजे वरच्या स्कीमा फाइलींची, आणि ती ॲक्सेस पॉइंटवर पहिल्यांदा होत होती. आता आमच्याकडे आधी एक्सएसडी चालतं. ते पास झालं तरच स्कीमाट्रॉन.

एक्सएसडी चालवताना ध्यानात ठेवायचं ते एवढंच की यूबीएलची मुख्य स्कीमा फाइल एकटी उचलून चालत नाही. ती शेजारच्या ‘कॉमन’ फोल्डरमधल्या फाइली सापेक्ष पत्त्याने बोलावते, म्हणून फोल्डरची रचना आहे तशी ठेवावी लागते.

आता कोडची दुरुस्ती. दोन मार्ग समोर होते. एक, स्कीमावरून जावाचे वर्ग तयार करून घ्यायचे. जॅक्सबी हे जावाचं साधन तसं करतं. प्रत्येक वर्गावर टॅगचा क्रम प्रॉपऑर्डर म्हणून कोरलेला येतो आणि आपण मूल्यं कोणत्याही क्रमाने भरली तरी फाइल स्कीमाच्या क्रमाने लिहिली जाते. हाच पक्का मार्ग. पण आमचं सगळं लेखन हाताने डॉम (फाइलीतल्या टॅगांचं झाड) बांधून होतं, ते बदलायला महिना लागणार होता, आणि नगरपालिकेची नोट तर टेबलावर पडून होती.

म्हणून आधी दुसरा मार्ग घेतला. फाइल लिहिण्यापूर्वी प्रत्येक टॅगच्या पोटातली मुलं स्कीमाच्या क्रमाने लावून घ्यायची. हा क्रम हाताने टाइप केला नाही. हाताने टाइप केलेल्या क्रमानेच तर हे प्रकरण घडलं होतं. स्कीमा स्वतःच एक एक्सएमएल फाइल आहे. तिच्यातल्या प्रत्येक प्रकारातला सीक्वेन्स वाचला आणि नावांना क्रमांक दिले. यूबीएलमध्ये हे जमतं, कारण तिथे प्रत्येक प्रकारात एकच सपाट सीक्वेन्स आहे, ‘हे किंवा ते’ अशा पर्यायांच्या गुंत्याशिवाय. बँकांच्या आयएसओ २००२२ संदेशांत असे पर्याय जागोजागी आहेत, तिथे ही युक्ती जशीच्या तशी लावू नये.

लावताना दोन पथ्यं पाळली. एकाच नावाचे अनेक टॅग असतील, उदाहरणार्थ मालाच्या ओळी, तर त्यांचा आपापसातला क्रम मुळीच हलू द्यायचा नाही. आणि ज्या टॅगचं नाव स्कीमात सापडत नाही तो गुपचूप शेवटी ढकलायचा नाही, तिथेच थांबून ओरडायचं. दुसरं पथ्य पहिल्याच दिवशी कामी आलं. एका जुन्या कोपऱ्यात क्रेडिट नोटेच्या ओळीत इनव्हॉइस्डक्वांटिटी लिहिलं जात होतं, तिथे क्रेडिटेडक्वांटिटी हवं. त्या कोपऱ्यातून अजून एकही नोट गेली नव्हती.

चाचणीच्या फाइलीही बदलल्या. आधीच्या नमुन्यांत फक्त सक्तीची माहिती होती, आणि क्रमाच्या चुका तर ऐच्छिक टॅगांच्या आड दडतात. आता प्रत्येक कागदाचा एक भरगच्च नमुना आहे, आम्ही वापरतो तो प्रत्येक ऐच्छिक टॅग भरलेला. शिवाय तयार फाइल उलट वाचून डेटाबेसमधल्या मूल्यांशी ताडून पाहिली जाते. करतारीख गळाली होती तशी एखादी गोष्ट पुन्हा गळाली तर ती इथे दिसेल. ही ताडणी मी स्वतः लिहिली.

त्या नव्या मुलीने पुढे एक गोष्ट आणखी केली. तिने बिल आणि क्रेडिट नोट यांच्या क्रमांतले सगळे फरक कोडने काढून भिंतीवर लावले. त्यातच तिला मालाच्या तपशिलातली एक जागा खटकली: यूबीएलमध्ये वस्तूचं वर्णन आधी येतं आणि नाव नंतर. आपण माणसं नाव आधी सांगतो, म्हणून आमच्या कोडमध्येही नाव आधी होतं. आत्तापर्यंत वर्णन कोणी भरलं नव्हतं, एवढ्याने ते निभावलं होतं. मार्चपासून व्यापारी वर्णनं भरणार होता.

नगरपालिकेची नोट शुक्रवारी दुपारी गेली. करतारीख, करार आणि निविदा, तिन्ही तिच्यात होती.